जाळ्याचा आस

नवागाम-डिंडोलीच्या वस्तीत खानदेशातून आलेली बिऱ्हाडे पुष्कळ आहेत. दिवाळीला व लग्नसराईला ही मंडळी भुसावळकडच्या गाडीने गावी निघतात. वाटेत उकाई-सोनगड स्थानक लागते. तेथून जवळच तापीमाईचे पाणी अडवून केलेला विशाल जलाशय आहे. आपल्या बाजारातील गोड्या पाण्याच्या मासळीचा विचार करताना या जलाशयाची ओळख आपणांस असावी, असे आम्हांस वाटते.

उकाईचे धरण 1972 साली पूर्ण झाले. त्यामागील जलाशयाला वल्लभसागर म्हणतात. पूर्ण भरला की तो शंभर किलोमीटरहून अधिक लांब पसरतो आणि त्याचे पाणी नंदुरबार जिल्ह्याच्या हद्दीत शिरते. त्याखाली दीडशेहून अधिक गावांची जमीन, काहींची सगळी तर काहींची थोडी, बुडाली. गामीत, वसावा आदी आदिवासी कुटुंबांची शेते गेली. ज्यांच्या हातचा नांगर सुटला, त्यांतील कित्येकांनी जाळे हाती घेतले. ज्या पाण्याने शेत नेले, त्याच पाण्यावर त्यांना पोट भरावे लागले.

या मासेमारीची रीत मोठी धीराची आहे. सायंकाळी लहान नावेतून जाऊन जाळे पाण्यात पडद्यासारखे उभे करावयाचे. वरच्या दोरीला तरंगणारे तुकडे, खालच्या दोरीला वजने. रात्रीच्या अंधारात माशाला धागा दिसत नाही. त्याचे डोके जाळ्याच्या घरात शिरते, कल्ले अडकतात आणि त्याला पुढे जाता येत नाही की मागे सरता येत नाही. पहाटे जाळे ओढावयाचे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. म्हणून जाळे किती खोल सोडावे, हेही ज्ञानच आहे. जाळ्याच्या एका घराच्या मापाला ‘आस’ म्हणतात. आस मोठा असेल तर लहान मासा निसटतो. बारीक असेल तर तोही सापडतो.

सारे मर्म या आसात आहे. कटला, रोहू व मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील वाहत्या नदीचा पूर लागतो. 1957 साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूतील ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवून आणली आणि पुरेसे मत्स्यबीज मिळण्याची वाट मोकळी झाली. ते बीज बोटाएवढे वाढले की त्याला बोटुकली म्हणतात. तीच जलाशयात सोडली जाते. ती वाढण्याआधीच बारीक आसाच्या जाळ्यात आली, तर पेरलेले धान्य कोवळेपणीच कापण्यासारखे होते. मोठा मासा लहानाला गिळतो, त्याला शास्त्रकारांनी मत्स्यन्याय म्हटले. परंतु मासा भूक भागली की थांबतो, जाळे थांबत नाही.

अमेरिका व कॅनडा यांच्यामधील ईरी सरोवरात ‘वॉलाय’ नावाचा मासा आहे. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा पडदा असल्याने तो अंधुक उजेडात शिकार करतो. 1970 साली तेथील मासळीत पारा आढळला आणि वॉलायच्या धंदेवाईक मासेमारीवर बंदी आली. बंदी विषामुळे होती. पण जाळ्यांचा ताण कमी होताच माशांची संख्या सावरू लागली. पुढे दरवर्षी किती मासे धरावेत, याची मर्यादा तेथे ठरविण्यात आली. संयमाचे फळ त्या लोकांना असे अपघाताने कळले. आपणांस ते समजून उमजून मिळविता येईल.

कोळ्याला उपदेश करणे सोपे आहे; पण रोजची चूल पेटावी म्हणून त्याने बारीक जाळे टाकले, तर त्याचा दोष एकट्याचा नव्हे. तो माल विकत घेणारा हातही असतो. म्हणून आमची गृहिणींना विनंती आहे : बाजारात वीतभर कटल्याचा ढीग स्वस्त मिळाला तरी तो घेऊ नये. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना कालवणाचा हट्ट धरू नये. पूर्ण वाढलेल्या माशाला दोन पैसे अधिक द्यावेत. ज्यांनी आपली शेते पाण्याला दिली, त्यांच्या मुलांना त्या पाण्यात मासा शिल्लक राहावा, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.