अठ्ठेचाळीस तासांचा पाहुणा

परवा लेकानं आजीसाठी एका ॲपवरून चित्रपट भाड्यानं घेतला आणि टीव्हीवर लावून दिला. शुक्रवारी रात्री नऊला आम्ही सासू-सुना बसलो. नावं संपतात न संपतात तोच गावाकडचे पाहुणे दारात! शनिवारी बचत गटाची बैठक, दुपारी वीज गेलेली. रविवारी वडवणीला लग्न. रात्री दहाला भांडी आवरून पुन्हा लावायला गेलो, तर मुदत संपलेली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘पैशे दिले होते नव्हं? मंग अर्ध्यातून का उठवलं?’’

मैत्रिणींनो, हसू आलं, पण प्रश्न खरा आहे.

यूट्यूब असो की प्राइम व्हिडिओ, भाड्याच्या चित्रपटाला साधारणपणे दोन मुदती असतात. पैसे भरल्यावर सुरू करायला 30 दिवस आणि एकदा सुरू केला की संपवायला 48 तास. पाच मिनिटं बघून बंद केला तरी घड्याळ चालूच राहतं. डाउनलोड करून ठेवला तरी सुटका नाही, मुदत संपली की कुलूप लागतं.

लहानपणी गल्लीत व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्यानं यायचा. सकाळी परत करावाच लागे, कारण दुसरं गिऱ्हाईक वाट बघत असायचं. आता तसं काही अडत नाही. एकच चित्रपट एकाच वेळी हजारो घरांत दिसू शकतो. मग ही मुदत कशासाठी? भाडं कमी आणि विकत घेणं महाग, हा फरक राखण्यासाठी. तेही समजू शकतं. पण 48 हा आकडा काही ब्रह्मलिखित नव्हे. अमेरिकेत अ‍ॅपलच्या भाड्याच्या चित्रपटांना आधी 24 तासच मिळत, 2017 मध्ये त्याचे 48 झाले. म्हणजे ठरवलं तर मुदत वाढते!

माझं म्हणणं एवढंच, की हा नियम करताना सलग दोन-अडीच तास मोकळा असणारा माणूस डोळ्यांसमोर असावा. आपला वेळ तसा कुठे असतो? दुपारी वीस मिनिटं, रात्री दूध तापेपर्यंत दहा. घड्याळाचे 48 तास सगळ्यांना सारखेच, पण त्यातले बाईच्या हाती किती लागतात? एकदा पूर्ण बघेपर्यंत किंवा निदान आठवडाभर मुदत दिली, तर कुणाचं काय बिघडेल?

तोवर आपणच शहाणं व्हायला हवं. पैसे भरण्याआधी मुदत वाचा, कारण चित्रपटागणिक ती वेगळी असू शकते. ‘चालतो का बघू’ म्हणून आधीच सुरू करू नका. घरातल्या मुलांनाही हे बजावून ठेवा. पैसे कापले गेले आणि चित्रपट दिसलाच नाही, तर आधी कंपनीकडे तक्रार करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. रक्कम दीडशेची असली म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

सासूबाईंचा चित्रपट आम्ही पुन्हा भाड्यानं घेतला. या वेळी मात्र आधी स्वयंपाक उरकला, मोबाईल लेकाच्या हाती दिला आणि दाराला आतून कडी घातली. बाईला स्वतःसाठी दोन तास हवे असतील, तर कडी घालावीच लागते. हे मला त्या कंपनीनं शिकवलं म्हणायचं!