तोंडी परीक्षा

परीक्षक म्हणून मी फार कडक आहे, अशी विद्यार्थ्यांत माझी ख्याती आहे. ट्यूटोरियल उशिरा आणणाऱ्या मुलाची आजी खरोखरच वारली की काय, आणि वारली असल्यास त्या वर्षात कितव्यांदा, हे मी दोन प्रश्नांत काढून घेतो. वीस वर्षांच्या अध्यापनाने माझे मराठी किती सुधारले कोण जाणे. पण खोटे बोलणारा माणूस आपल्याला नेमका ओळखता येतो, असा माझा समज मात्र पक्का झाला होता.

यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, श्रावणातली गोष्ट. कोल्हापुरास व्याख्यान देऊन परतलो आणि रात्री साडेनऊच्या सुमारास स्वारगेटला उतरलो. पाऊस भुरभुरत होता. रिक्षा पाहावी म्हणून फाटकाकडे निघालो, तोच एक वृद्ध गृहस्थ समोर आले. धोतर, सदरा, टोपी. सारे मळलेले, पण फाटके काही नाही. हात पसरलेला नव्हता. उलट दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते.

"साहेब, मंगळवेढ्याला जायचं हाय. पिशवी चोरीला गेली. तिकिटाचं चारशे रुपये दिलं तर लई उपकार हुतील."

वाचकहो, अशा वेळी तुमचे काय होते ते मला ठाऊक नाही. माझ्यात दोन माणसे बोलू लागतात. एक म्हणतो, देऊन टाक. चारशे रुपये आपण हॉटेलात डोशावर घालवतो. दुसरा मला दादरच्या पुलाची आठवण करून देतो. तिथे २०११ साली एका तरुणाला मी घरी जायला पाचशे रुपये दिले होते. मनीऑर्डर करतो म्हणून त्याने माझा पत्ता वहीत सुवाच्य अक्षरांत उतरून घेतला. आठ महिन्यांनी त्याच पुलावर, त्याच जिन्याशी, तो पुन्हा भेटला आणि तीच हकीकत मला पहिल्यापासून सांगू लागला. पैसे गेल्याचे दुःख नव्हते. त्याने मला ओळखले नाही याचे झाले!

शिवाय हल्ली दिवस असे आहेत की, फोनवर पोलिसाचा गणवेश घालून कोणी तरी तुम्हाला 'डिजिटल अटक' करतो आणि निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी घेऊन जातो. आमच्या फ्रिजवर सायबर तक्रारीचा १९३० हा क्रमांक चिकटवलेला आहे, तो काही शोभेसाठी नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दान देताना देश, काल आणि पात्र पाहावे असे सांगितले आहे. देश स्वारगेट, काल रात्री साडेनऊ. राहता राहिले पात्र. तेव्हा मी त्या पात्राची तोंडी परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

"मंगळवेढ्याला कुठं राहता?"

"दामाजीच्या देवळापासनं फुडं."

उत्तर बरोबर. पण दामाजीपंत कोणाला माहीत नाहीत? दुष्काळात बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे ज्यांनी भुकेल्यांना खुली केली, त्यांची कथा मी दर वर्षी वर्गात रंगवून सांगतो. पंतांनी रांगेतल्या कोणाची तोंडी परीक्षा घेतल्याचे कथेत नाही, हे मात्र त्या वेळी मला आठवले नाही.

"पुण्यात कोणाकडे आला होता?"

"ल्येकाकडं. हडपसरला."

"मग त्याला फोन करा. हा घ्या माझा."

"लंबर पाठ न्हाई साहेब. फोनबी पिशवीतच हुता."

मुलाचा नंबर पाठ नाही! मी मनातल्या मनात पाच गुण वजा केले आणि ठेवणीतला प्रश्न काढला.

"आजोबा, वय काय तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

झाले! सापडले! पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "मग तुम्हाला तिकीटच लागत नाही. चारशे रुपये कशाला हवेत?"

त्यांनी तोंड उघडले. काही तरी बोलूही लागले. पण निकाल लागल्यावर उत्तर ऐकत बसणारा परीक्षक मी नव्हे. मी हात वर केला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, "बरं, असू द्या," म्हणाले आणि फलाटाकडे चालू लागले. पाठीमागे धरलेले हात आता दिसले. थरथरत होते. पावसाने असेल.

घरी जेवताना ही हकीकत मी सौ.ला मोठ्या रंगात सांगितली. तिने वाढता वाढता विचारले, "आणि त्यांचं आधार कार्ड?"

"कार्डाचं काय?"

"अहो, कार्ड दाखवल्याशिवाय फुकट नेतात का? गणपतीत बाबांचं कार्ड घरी राहिलं, तर साताऱ्याचं पूर्ण तिकीट तुम्हीच नाही का काढलंत? त्यांची तर पिशवीच गेलेली."

घास हातातच राहिला. ते गृहस्थ बोलू लागले तेव्हा 'कार्ड' असा काहीसा शब्द माझ्या कानावर आला होता. खोटा माणूस हिशोब जुळवून आला असता. पन्नास वर्षांचे तिकीट मागण्यापूर्वी वय साठ सांगितले असते.

"पण मुलाचा नंबर पाठ नसावा?" मी शेवटचा किल्ला लढवला.

"माझा सांगा."

मी पहिले चार आकडे सांगितले. पुढचे दोन जरा अंदाजाने.

स्कूटर काढून स्वारगेटला परत गेलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. फलाट पालथे घातले. पानाच्या टपरीवाल्याला विचारले, "धोतर, टोपी घातलेले एक आजोबा पाहिलेत का?" तो म्हणाला, "संध्याकाळपासून तसले तीन पाहिले. तुमचा कुठला?"

त्या रात्री झोप नीट लागली नाही, आणि जागेपणी आठवू नये ते आठवले. ९ नोव्हेंबर २०१६. आदल्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झालेल्या, बँका बंद. मी मिरजेत, स्टेशनाजवळच्या एका खानावळीत भरपेट जेवलो आणि बिल देताना खिशातून पाचशेच्या दोन नोटा निघाल्या. बिल नव्वद रुपये. मालकाने माझे गाव विचारले नाही, कॉलेज विचारले नाही, वय तर नाहीच. "ऱ्हाऊ द्या पाव्हणं, फुडच्या खेपेला द्या," एवढेच म्हणाला. त्यानंतर मिरजेवरून मी किती तरी वेळा गेलो आहे. ते नव्वद रुपये आजही माझ्याकडेच आहेत. मिरजेचा तो माणूस कोणाला दादरच्या पुलासारखी माझी गोष्ट सांगत असेल काय?

गेल्या महिन्यात मुद्दाम मिरजेला उतरलो. खानावळीच्या जागी मोबाइलचे दुकान झाले आहे. गल्ल्यावर एक तरुण होता. खानावळवाले आपले काका, हल्ली ते गावाकडे असतात, असे तो म्हणाला. मी शंभराची नोट पुढे केली आणि सगळी हकीकत सांगितली.

"कशाचे पैसे?" त्याने विचारले.

मी पुन्हा सांगितले.

"काका तुम्हाला ओळखतात?"

"नाही."

"तुम्ही करता काय?"

"प्राध्यापक आहे. मराठीचा."

"मग नऊ वर्षं का नाही दिले?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, मग नोटेकडे, आणि ती ट्यूबलाइटच्या उजेडात उलटसुलट धरून पाहू लागला.