रिकामा रकाना आणि साडेतीनशे वर्षांची शांतता

काही वर्षांपूर्वी आमच्या मराठी विभागाच्या ग्रंथसंग्रहासाठी एक छोटी सूची-प्रणाली तयार करायचे ठरले. संगणकशास्त्राची पदवी घेऊन नंतर केवळ ओढीने मराठीत एम. ए. करायला आलेला एक विद्यार्थी होता. प्रोग्रॅम लिहिण्याचे काम त्याने अंगावर घेतले, आणि लेखकांची व ग्रंथांची माहिती पुरवण्याचे माझ्यावर आले. माझी समजूत अशी होती की माहिती देणे हे विद्वत्तेचे काम आणि ती यंत्रात भरणे ही निव्वळ हमाली. या समजुतीला तडा कसा गेला, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांनी सांभाळून घ्यावे.

आजचे बहुतेक प्रोग्रॅम ‘ऑब्जेक्ट’च्या भाषेत लिहिले जातात. ऑब्जेक्ट म्हणजे एखाद्या गोष्टीचे गुणधर्म आणि तिचे वर्तन यांची एकत्र बांधलेली मोट. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा घडवली, तिथून ही कल्पना पुढे पसरली. ‘लेखक’ हा एक वर्ग. त्याला नाव, जन्मवर्ष, ग्रंथांची यादी हे गुणधर्म. यादीतला प्रत्येक ग्रंथ हाही पुन्हा एक ऑब्जेक्टच. असे एकात एक गुंतलेले विश्व प्रोग्रॅम चालू असेपर्यंत संगणकाच्या स्मृतीत नांदते.

प्रोग्रॅम बंद झाल्यावरही माहिती टिकायची असेल तर ती डेटाबेसमध्ये ठेवावी लागते, आणि तिथला कायदा वेगळा. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रारूपात सारे काही तक्त्यांत राहते. ओळी आणि रकाने. एका घरात एकच मूल्य. यादी एका घरात मावत नाही, तिला दुसरा तक्ता लागतो आणि दोन्ही तक्ते क्रमांकांच्या दोऱ्याने जोडावे लागतात. म्हणजे ऑब्जेक्टचा कोणता गुणधर्म कोणत्या तक्त्याच्या कोणत्या रकान्यात जाईल, हे कोणीतरी सांगावे लागते. यालाच मॅपिंग म्हणतात. हे काम सोपे करण्यासाठी जावाच्या जगात २००१ साली हायबरनेट आले, २००४ साली रूबी ऑन रेल्स आले. मार्टिन फाउलर यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात या व्यवहारातले नमुने नावे देऊन मांडले. २००६ मध्ये टेड न्यूवर्ड यांनी तर या साऱ्या प्रकरणाला संगणकशास्त्राचे व्हिएतनाम म्हटले: सुरुवातीला विजय सोपा वाटतो आणि मग पाय रुतत जातो.

आमचे पाय पहिल्याच आठवड्यात रुतले. ‘लेखक’ वर्गात विद्यार्थ्याने ‘टोपणनाव’ असा एक गुणधर्म ठेवला होता आणि तो एका रकान्याला जोडला होता. केशवसुत आले, कुसुमाग्रज आले, काही अडले नाही. मग राम गणेश गडकरी आले. कविता गोविंदाग्रज या नावाने, विनोदी लेखन बाळकराम या नावाने, नाटके स्वतःच्या नावाने. एका घरात दोन नावे बसेनात. स्वल्पविराम देऊन दोन्ही कोंबावीत, तर कोणते नाव कोणत्या ग्रंथाचे हे हरवते. मुळात टोपणनाव हा माणसाचा गुणधर्म नसून माणूस आणि त्याची कृती यांच्यातल्या नात्याचा गुणधर्म आहे, हे मी इतकी वर्षे वर्गात शिकवत असूनही त्या रकान्याने अडवल्याशिवाय मला इतके स्वच्छ कळले नव्हते. नावांचा वेगळा तक्ता झाला. कुसुमाग्रजांच्या नोंदीचेही मग भले झाले, कारण नाटकांवर त्यांचे नाव वि. वा. शिरवाडकर असेच असते.

दुसरा प्रसंग अधिक कठीण होता. ‘नामा’ ही मुद्रा असलेल्या अभंगांचा कर्ता कोण? संत नामदेव की सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा? ऑब्जेक्टला स्वतःची ओळख असते. दोन ऑब्जेक्टांचे सारे गुणधर्म एकसारखे असले तरी ते दोनच राहतात. तक्त्यातल्या ओळीला मात्र ओळख पटवणारी किल्ली बाहेरून द्यावी लागते. नाव हीच किल्ली मानली तर दोन कवी एक होतात. वेगवेगळे क्रमांक दिले तर प्रत्येक अभंगापुढे कोणता तरी एक क्रमांक लिहिणे भाग पडते. विद्यार्थ्याने तो रकाना ‘रिकामा चालणार नाही’ असा घोषित केला होता. त्या एका शब्दाने पाठचिकित्सेतला एक जुना वाद आमच्या नकळत निकाली काढला होता, आणि निकालपत्रावर कोणाचीही सही नव्हती.

परंतु ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला तो जन्मवर्षाचा.

प्रोग्रॅम जावा भाषेत होता आणि जन्मवर्ष हा गुणधर्म साध्या पूर्णांकाच्या प्रकारचा होता. त्या प्रकाराला ‘काहीच नाही’ ही अवस्था ठाऊक नसते. मूल्य दिले नाही तर तो शून्य धरतो. सतराशे सालापूर्वीच्या कवयित्रींची यादी काढली तेव्हा जनाबाई, सोयराबाई, निर्मळा आणि कान्होपात्रा यादीच्या अगदी शिरोभागी आल्या, प्रत्येकीचे जन्मवर्ष शून्य. आम्ही हसलो. विद्यार्थ्याने चूक सुधारली. गुणधर्माचा प्रकार बदलला, रकान्यात शून्याऐवजी ‘नल’, म्हणजे मूल्याचा अभाव, नोंदला. यादी पुन्हा काढली. आता ती नीटनेटकी दिसत होती. तिच्याकडे पाहून कोणी हसले नाही.

काही महिन्यांनी एका विद्यार्थिनीने चर्चासत्रासाठी लिहिलेला निबंध माझ्याकडे आणून दिला. आमच्याच यादीच्या आधारे तिने मांडले होते की मुक्ताबाई (१२७९) आणि संत बहिणाबाई (१६२८) यांच्या दरम्यान मराठी स्त्रीच्या काव्यात सुमारे साडेतीनशे वर्षांची शांतता आहे. आणि त्या शांततेची सामाजिक कारणे तिने मोठ्या परिश्रमाने शोधली होती. निबंध चांगला होता. फक्त ती शांतता अस्तित्वात नव्हती. डेटाबेसला ‘जन्मवर्ष सतराशेपेक्षा कमी आहे का?’ असे विचारले असता रिकाम्या रकान्याचे उत्तर ‘होय’ही नसते आणि ‘नाही’ही नसते, ते ‘अज्ञात’ असते. आणि ज्यांचे उत्तर ‘होय’ नाही त्या ओळी यादीत येत नाहीत. चौघीजणी कोणताही आवाज न करता गेल्या होत्या. शून्याची चूक ढोबळ होती म्हणून दिसली. दुरुस्ती निर्दोष होती म्हणून दिसली नाही.

यातली विसंगती पाहा. जनाबाई नामदेवांच्या घरातल्या, सोयराबाई चोखामेळ्यांच्या पत्नी, निर्मळा त्यांची बहीण. या स्त्रियांचा काळ परंपरेने आकड्याने सांगितला नाही, नात्याने सांगितला. रिलेशनल या शब्दातले ‘रिलेशन’ हे गणितातले आहे, नात्यागोत्यातले नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही नाते माहीत असूनही केवळ आकडा नाही म्हणून काळ हरवावा, हे मनाला लागते. शिवाय ज्यांचा आकडा होता त्यांचा तरी निःसंशय होता काय? मुक्ताबाईंचा जन्मशक परंपरेत दोन प्रकारे सांगितला जातो, शके ११९९ आणि शके १२०१. त्यातल्या पहिल्या गणनेचा आधार जनाबाईंच्या नावावर असलेल्या एका अभंगात आहे. जिने भावंडांचे शक सांगितले, तिचाच रकाना रिकामा म्हणून ती यादीबाहेर!

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि त्या विद्यार्थ्यानेच तो माझ्यासमोर मांडला. “सर, हा दोष तंत्राचा नाही. जुन्या सूचीपत्रांतही एकच कार्ड, एकच जागा असे.” त्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे. वर्गीकरण म्हटले की काटछाट आलीच. आणि कॉड यांनी स्वतः १९९० च्या ग्रंथात अभावाचे दोन प्रकार वेगळे करावेत असे सुचवले होते: मूल्य असायला हवे पण मिळालेले नाही, आणि मूल्य लागूच होत नाही. जनाबाईंचे जन्मवर्ष हा पहिला प्रकार. त्यांचे आडनाव हा दुसरा. व्यवहारात मात्र दोन्हींसाठी एकच ‘नल’ रूढ झाला. म्हणजे तंत्राच्या जनकाला जे दिसत होते ते आपण, तंत्र वापरणाऱ्यांनी, मागितले नाही.

तरीही फरक उरतो. कार्डाच्या कडेला ग्रंथपाल पेन्सिलीने ‘काळ संदिग्ध, नामदेव पाहा’ असे लिहू शकत असे, आणि वाचणारा माणूस ते वाचत असे. तक्त्याला समास नसतो. जे सांगायचे त्याला आधी रकाना करावा लागतो, आणि रकाना कोणता करायचा हे प्रोग्रॅम लिहितानाच ठरते. त्या वेळी साहित्याचा माणूस तिथे नसेल तर निर्णय टळत नाही. तो दुसरे कोणी घेतो, बहुधा मध्यरात्री, आणि बहुधा अत्यंत प्रामाणिकपणे.

आम्ही पुढे काय केले? ‘जन्मवर्ष’ हा गुणधर्म काढून टाकला. त्याजागी काळाची अलीकडची व पलीकडची मर्यादा असे दोन रकाने आले, आणि तिसरा ‘आधार’ या नावाचा. जनाबाईंच्या आधारात ‘नामदेवांच्या समकालीन’ एवढेच लिहिले आणि मर्यादा नामदेवांच्या काळावरून घेतल्या. अभंगांच्या कर्तृत्वाचा वेगळा तक्ता झाला. त्यात एका अभंगापुढे दोन कर्ते, प्रत्येकाचा आधार आणि मत कोणाचे ते लिहिता येते. आणि कोणतीही यादी काढली की खाली एक ओळ आपोआप येते: ‘काळ अज्ञात असल्याने इतक्या नोंदी वगळल्या.’ माझ्या मते साऱ्या कामातली सर्वांत मोलाची ओळ तीच.

आज अनेक ठिकाणी मराठी साहित्य संगणकावर चढवले जात आहे, आणि पुढचे संशोधक ग्रंथांच्या आधी याद्यांना भेटणार आहेत. तेव्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅमिंग शिकलेच पाहिजे असे मी म्हणणार नाही. पण कोणता गुणधर्म कोणत्या रकान्यात जातो, आणि जो कुठेच जात नाही त्याचे काय होते, हे विचारण्याइतके शहाणपण आपल्याकडे हवे. संहितेचे संपादन करताना आपण पाठभेद नोंदवतो, ते काम क्षुद्र मानत नाही. हेही संपादनच आहे.

त्या विद्यार्थिनीने निबंध पुन्हा लिहिला. या वेळी तिचा विषय शांतता हाच होता, परंतु ती कवयित्रींची नव्हे, याद्यांची.