चाक मोठं घालायच्या आधी

आंबिया बहाराचा तोडा जवळ आला की मोहगाव-सौंसरकडच्या पिकअपवाल्यांचे पाय टायरच्या दुकानाकडे वळतात. तिथं कुणीतरी सांगतंच, "भाऊ, एक साइज मोठी घाला. गाडी उंच होते, पांदणीत अडकत नाही." दिसायलाही रुबाबदार, लग्नाच्या वरातीत तर विचारूच नका. पण भावांनो, पैसे मोजायच्या आधी थोडा हिशेब करा.

टायरच्या बाजूला 215/75 आर15 असं काही लिहिलेलं असतं. 215 मिलिमीटर रुंदी, तिच्या 75 टक्के बाजूची उंची आणि 15 इंची रिम. हे चाक साधारण 704 मिलिमीटर उंच भरतं. त्याच रिमवर 235/75 चढवलं तर 734. वाढ 30 ची, पण गाडी उचलली जाते तिच्या निम्मी, म्हणजे बोटाच्या जाडीएवढी. तेवढ्यासाठी चाकाचा घेर सव्वाचार टक्के वाढतो आणि गाडीची ओढ जवळपास तेवढीच घटते. काटा 60 वर असताना गाडी साडेबासष्टनं पळत असते. संत्र्याचे कॅरेट भरून सिल्लेवानीचा घाट चढायला लागलात की हे कळतं: आधी दुसऱ्या गिअरवर निघणारी गाडी पहिला मागते, क्लचचा वास येतो. उतारावर ब्रेकलाही जोर जास्त लागतो.

रुंद चाक स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतून घासतं. मग कुणी बाहेर निघालेली रिम सुचवतं, कुणी स्पेसर. दोन्हींचा भार शेवटी बेअरिंगवरच.

राहिला चिखल. जुनी माणसं म्हणतील, बंडीचं चाक मोठंच होतं की! होतं, पण ते अरुंदही होतं, आणि बैलांना क्लच नसतो. आपल्या काळ्या मातीत रस्त्याच्या बारीक नक्षीचं रुंद टायर बघता बघता लिंपून जातं आणि जागेवरच फिरत राहतं. त्यातून पिकअप रिकामी असली तर अजून घसरते, कारण फिरणारी चाकं मागं आणि इंजिनाचं वजन पुढं. म्हणून कंपनीच्याच मापात, मागच्या दोन्ही चाकांना खोल आणि मोकळ्या नक्षीची जोडी घाला. खरा फरक तिथं पडतो.

मापाच्या पुढचा आकडा मात्र कुणी वाचत नाही. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो, 106 म्हणजे 950. कंपनीनं दिलेल्या टायरपेक्षा हा आकडा कमी असेल तर टायर कितीही जाडजूड दिसो, घेऊ नका. बनावटीची तारीखही बघा: 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा.

कायद्याचंही ऐका. कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलात बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. असा बदल केल्यास मालकाला दर बदलामागं 5000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो तो वेगळाच.

तुमच्याच मॉडेलच्या पुस्तकात कंपनीनं दुसरं मोठं माप दिलं असेल, तर ते खुशाल घाला. पण पाच टायरचे पैसे धरा, चारचे नाही. जुन्या मापाची स्टेपनी मागं एका बाजूला लावून भरली गाडी नागपूरला नेलीत, तर डिफरन्शियल सगळी वाट झिजत जाईल.