कूलर घेताना मे महिना आठवा

विदर्भात ‘कूलर घ्यायचाय’ म्हटलं की दुकानदार आधी खोलीचं माप विचारतो. कॉम्प्युटरचा कूलर घेणाऱ्याला मात्र खोलीबद्दल कुणी काही विचारत नाही. प्रोसेसर कोणता, बजेट किती, रंगीत लाइट हवेत का, एवढ्यावर सौदा होतो. थोडंफार ओव्हरक्लॉकिंग करायचं म्हणून कूलर शोधणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं एवढंच आहे की हाही कूलर खोली बघूनच घ्यायचा असतो, आणि तोही मे महिन्यातली खोली बघून.

आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. इथे मी त्या डब्यातल्या चिपबद्दल, म्हणजे प्रोसेसरबद्दल बोलतोय. त्याच्यावर बसणारा कूलर आणि खिडकीतला कूलर यांचं नाव तेवढं एक. खिडकीतला कूलर पाण्याची वाफ करून हवा खरोखर थंड करतो. प्रोसेसरवरचा कूलर काहीच थंड करत नाही. तो हमाल आहे. चिपची उष्णता उचलायची आणि खोलीत नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. त्याच्या तांब्याच्या नळ्यांमध्ये थोडंसं पाणी असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला ती पुन्हा पाणी होऊन परत येते. नळी दोन्हीकडून बंद असल्यामुळे माठातल्या पाण्यासारखं ते उडून जात नाही, म्हणून माठाचा गारवाही त्यातून मिळत नाही. हवेवरचा कूलर असो की पंपाचा, खोलीच्या तापमानाच्या खाली तो प्रोसेसरला नेऊ शकत नाही. त्यामुळे सगळा हिशोब खोलीच्या तापमानापासून सुरू होतो.

एक उदाहरण घेऊ. रायझन ५ ७६०० हा २०२३ साली आलेला सहा कोअरचा प्रोसेसर. बॉक्सवर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण पूर्ण भार आल्यावर तो ८८ वॉटपर्यंत वीज घेतो. बहुतेकांची पहिली फसगत इथे होते. बॉक्सवरचा आकडा हा उष्णतेचा वर्ग सांगतो, ती कमाल वीज नव्हे. इंटेलच्या आय५-१३६००के वर १२५ वॉट लिहिलेलं असतं, पण टर्बोत त्याची मर्यादा १८१ वॉट आहे. कूलर निवडताना हा मोठा आकडा धरा.

आता समजा तुम्ही वेग दहा टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही दहा टक्के वाढवलं. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. वेग दहा टक्के वाढला आणि उष्णता तेहेतीस टक्के. ८८ वॉटचे ११७ झाले. एखादा बरा कूलर ८८ वॉटला प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंशांनी गरम ठेवत असेल, तर ११७ वॉटला तो फरक ५३ अंशांच्या आसपास जाईल. डिसेंबरच्या रात्री खोलीत २० अंश असतील तर प्रोसेसर ७३ अंशांवर. छान वाटतं. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ४० अंश असतील, तर तोच प्रोसेसर ९३ अंशांवर. रायझन ७६०० ची मर्यादा ९५ आहे. ती गाठली की तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे तुम्ही हौसेने वाढवलेला वेग सुट्टीतल्या दुपारी, नेमका गेम रंगात आल्यावर, निघून जातो.

म्हणून कूलर घेण्याआधी साधा थर्मामीटर घ्या आणि तुमच्या खोलीतलं दुपारचं तापमान बघा. युरोप-अमेरिकेतल्या चाचण्या वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. त्यांच्या आकड्यांत आपले पंधरा अंश मिळवा आणि मग काय उरतं ते पाहा.

दुसरी गोष्ट, ओव्हरक्लॉकिंगकडून अपेक्षा किती ठेवायची. १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला होता. मदरबोर्डवर बसचा वेग ६६ वरून १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर ४५० वर पळायचा. दीडपट वेग जवळजवळ फुकटात. त्या काळच्या गोष्टी ऐकून आजही मुलं ओव्हरक्लॉकिंगला लागतात. पण आता कंपनीच ऊस चरकातून दोन-तीनदा काढून देते. ७६०० चा मूळ वेग ३.८ गिगाहर्ट्झ, पण जागा मिळाली की तो आपणहून ५.१ पर्यंत जातो. चिपाडात रस उरतो तो थोडाच. बहुतेक गेममध्ये अडतं ते ग्राफिक्स कार्डापाशी, तेव्हा हा रस हाती लागून उपयोग किती, हेही मनाशी ठरवा.

तुमच्या मशीनवर ओव्हरक्लॉकिंग होतं का, ते पैसे टाकण्याआधी बघा. इंटेलमध्ये नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. आय५-१२४०० घेऊन वर मोठा कूलर बसवला तर तो शांत चालेल, पण त्याचा गुणक वाढणार नाही. एएमडीचे बहुतेक डेस्कटॉप रायझन मोकळे असतात, पण मदरबोर्ड बी किंवा एक्स मालिकेचा हवा. ए५२० किंवा ए६२० वर ती सोय नाही. आणि ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान दोन्ही कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

आधी बिनखर्चाची कामं करा. बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल चालू आहे का ते पाहा. अनेकांची महागडी रॅम वर्षानुवर्षं कमी वेगाने चालत असते. (कंपनीच्या लेखी हेही ओव्हरक्लॉकिंगच, पण सगळ्यात सौम्य.) मग रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर उणे दहापासून सुरू करा. याने तोच वेग कमी व्होल्टेजवर मिळतो. वर्गाचा जो हिशोब मघाशी अंगावर आला, तोच इथे आपल्या बाजूने चालतो: व्होल्टेज पाच टक्के उतरलं की उष्णता जवळजवळ दहा टक्के उतरते. आपल्या उन्हाळ्याला शोभेल असं ओव्हरक्लॉकिंग हेच. मशीन मध्येच बंद पडू लागलं तर एक पायरी मागे या.

हे करून पुढे जायचं असेल तर कूलर बदला. सौम्य ओव्हरक्लॉकिंगला एका टॉवरचा, चार हीटपाइपचा आणि १२० मिलिमीटर पंख्याचा कूलर पुरतो. डीपकूल एके४०० हा त्या जातीचा ओळखीचा नमुना. असे कूलर साधारण दोन-तीन हजारांत येतात. सहा कोअरच्या, शंभर-सव्वाशे वॉटच्या प्रोसेसरला यापलीकडे जायची गरज क्वचित पडते. खोली फार तापत असेल, किंवा आठ कोअरचा, दीडशे वॉट खाणारा प्रोसेसर असेल, तर दोन टॉवर आणि सहा हीटपाइपचा घ्या. एके६२० त्या गटातला. नऊ-दहा हजारांचा नॉक्टुआ एनएच-डी१५ उत्तम आहे, यात वाद नाही. पण पंधरा-सोळा हजारांच्या प्रोसेसरवर तो बसवण्यापेक्षा तेच पैसे वरच्या प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात घाला. मिळणारा वेग कुठल्याही ओव्हरक्लॉकिंगपेक्षा जास्त असेल.

पाण्याच्या कूलरचा मोह सगळ्यांना होतो. काचेतून दिसतो छान, आणि अडीचशे वॉटच्या प्रोसेसरला त्याचा खरा उपयोगही आहे. पण त्यात पंप असतो. पंप गेला की बहुतेक वेळा अख्खा संच बदलावा लागतो. हवेच्या कूलरचा बिघडला तर पंखाच बिघडतो, आणि १२० मिलिमीटरचा पंखा तालुक्याच्या गावीही मागवता येतो. मशीन बंद पडलं तर ज्यांचं काम अडतं, त्यांनी हवेवरच राहावं असं माझं मत आहे. तरीही पाण्याचा घेतलाच, तर रेडिएटर कॅबिनेटच्या वरच्या बाजूला लावा. पंप सगळ्यात उंच राहिला तर आतली हवा त्याच्यात अडकते आणि तो खडखडू लागतो.

मोजपट्टी घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. एके४०० ची उंची १५५ मिलिमीटर, एके६२० ची १६०, एनएच-डी१५ ची १६५. तुमच्या कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. पाच मिलिमीटरसाठी काचेचा दरवाजा बंद न होणं हा फार बोचणारा खर्च असतो. रॅमवर उंच शिंगं असतील तर पंखा तिथे अडतो. सॉकेट एएम४ आहे, एएम५ आहे की एलजीए १७००, हे पाहून त्याची पट्टी बॉक्समध्ये आहे का ते आधी वाचा.

आता खोली आणि कूलर यांच्या मधली जागा, म्हणजे कॅबिनेट. आपल्या घरांतल्या कॉम्प्युटर टेबलाला डबा ठेवायचा एक बंद लाकडी कप्पा असतो. मागे भिंत, बाजूला फळी, पुढे दार. त्यात ठेवलेला कॅबिनेट स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो. अशा वेळी दहा हजारांचा कूलरही काय करणार? डबा कप्प्याबाहेर काढा, भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, पुढच्या पंख्याने हवा आत आणि मागच्याने बाहेर जाते ना ते पाहा. हे पैशाशिवाय होतं. पुढून जाळीचा कॅबिनेट असेल तर उत्तम. टॉवर कूलरचा वारा मदरबोर्डवर पडत नाही, त्यामुळे प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग तापतात. मागचा पंखा चालू असणं त्यांच्यासाठीही गरजेचं. आणि खिडकीतल्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. त्यातून पाण्याचे बारीक कण येतात आणि आपल्याकडचं जड पाणी वाळलं की पांढरा थर मागे ठेवतं. खोली गार होऊ द्या, डबा झोतापासून बाजूला ठेवा. दिवाळीची आवराआवर आणि उन्हाळ्याची सुरुवात, वर्षातून दोनदा जाळ्या आणि कूलरच्या पात्या ब्रशने साफ करा.

बसवताना तीन चुका टाळा. कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं, ते काढा. हे मी हसण्यावारी सांगत नाही, मी स्वतः पहिल्यांदा ते तसंच ठेवून कूलर बसवला होता आणि दोन दिवस प्रोसेसरला दोष देत होतो. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी पुरते. आणि गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे स्क्रू आवळा: एका कोपऱ्याचा थोडा, मग तिरक्या समोरच्या कोपऱ्याचा. एएम४ वरचा जुना कूलर काढायचा असेल तर आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट मऊ होऊ द्या. मग मशीन बंद करा, वीज काढा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा आणि उचला. सरळ ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, आणि त्याच्या १,३३१ पिनांपैकी काही वाकल्या की सगळी हौस तिथेच संपते.

एका गोष्टीला मात्र कूलर पुरा पडत नाही. व्होल्टेज जास्त झालं तर थंड ठेवलेली चिपही हळूहळू झिजते. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरमध्ये हेच झालं. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जात होतं. २०२४ मध्ये कंपनीने बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण झिजलेल्या चिपा काही दुरुस्तीने बऱ्या झाल्या नाहीत. तेव्हा तुमच्याकडे यांपैकी प्रोसेसर असेल तर बायोस आधी अद्ययावत करा. आणि कूलर मोठा आहे म्हणून व्होल्टेज चढवत जाऊ नका.

शेवटी चाचणी. सिनेबेंच अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघत राहा. खोलीत त्या वेळी किती अंश आहेत ते वहीत लिहा. कमाल मर्यादेपासून दहा अंश तरी खाली राहायला हवं. जानेवारीत पास झालेल्या मशीनची हीच परीक्षा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी तीन वाजता पुन्हा घ्या. शिवाय पंख्याचा आवाजही ऐका, पण स्वतः हेडफोन काढून. वन बीएचकेच्या हॉलमध्ये तुमचं मशीन असतं आणि तिथेच रात्रपाळी करून आलेले वडील झोपलेले असतात.

त्या दुपारी मशीन अडखळलं तर लगेच दुसरा कूलर शोधायला निघू नका. वेग शंभर मेगाहर्ट्झने उतरवा, व्होल्टेज एक पायरी खाली घ्या, पंख्याचा वेगही त्याबरोबर उतरेल. गेममध्ये तुम्हाला फरक कळणार नाही. हॉलमध्ये झोपलेल्यांना मात्र कळेल.