सामना नसलेल्या दिवशींचें मैदान

ज्या दिवशीं सामना नाहीं त्या दिवशीं खेळाच्या मैदानावर जाऊन पहावयाचें तें काय, असा प्रश्न आमचे पुष्कळ विद्यार्थी विचारतील, आणि त्यांचे वडीलही विचारतील. आमचें मत नेमकें याच्या उलट आहे. सामन्याच्या दिवशीं मनुष्य चेंडू पाहतो, मैदान पाहत नाहीं. मैदान पहावयाचें असेल तर तें रिकामें असतांनाच पहावें.

इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या पश्चिमेस क्रॉसपूल नांवाचा उंचावरचा भाग आहे. तेथें सँडीगेट रस्त्यावर हॅलम फुटबॉल क्लबचें मैदान आहे. हा क्लब 1860 सालीं स्थापन झाला आणि त्याच वर्षीं 26 डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, या मैदानावर त्याचा शेफील्ड क्लबशीं सामना झाला. पाहुण्यांनीं दोन गोल करून जय मिळविला. शेफील्ड क्लब हा 1857 सालचा, जगांतील सर्वांत जुना फुटबॉल क्लब. आणि सँडीगेट हें जगांतील सर्वांत जुनें फुटबॉलचें मैदान, अशी गिनेसच्या ग्रंथांत नोंद आहे. इतका मान असूनही हॅलम मोठ्या क्लबांच्या पंक्तीस बसत नाहीं. इंग्लंडांत वरच्या चार श्रेणींत मिळून 92 क्लब खेळतात. त्यांच्या खालच्या असंख्य क्लबांस तेथें ‘नॉन-लीग’ म्हणतात. हॅलम त्यांपैकींच एक.

हें मैदान आम्हीं पाहिलें तें असेंच सामना नसतांना. प्रथम जाणवतो तो उतार. मैदान सपाट नाहीं, चांगलेंच कललेलें आहे, आणि तें डोळ्यांच्या आधीं पायांस कळतें. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात, म्हणून पूर्वार्धांत ज्यास चढ त्यास उत्तरार्धांत उतार मिळतो, एवढाच काय तो न्याय. शेजारींच क्रिकेटचें मैदान आहे. हॅलमचा क्रिकेट क्लब 1804 सालचा. फुटबॉल त्याच्याच अंगाखांद्यावर वाढला. सभोंवार बेताचा कठडा, थोड्या बैठकी, आणि वर उघडें आभाळ. भव्य असें कांहीं नाहीं. ज्यास भव्यता हवी त्यानें दुसरीकडे जावें.

या क्लबच्या आठवणी सर्वच गोड नाहींत. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापूस येईनासा होऊन लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या (त्याच कापसाच्या तेजींत आमच्या मुंबईचे व्यापारी गबर झाले व 1865 सालीं बुडाले, हें वाचकांस ठाऊकच आहे), तेव्हां तेथील उपाशी कामगारांच्या साह्यार्थ 29 डिसेंबर 1862 रोजीं ब्रॅमल लेन येथें शेफील्ड आणि हॅलम यांचा सामना ठरला. त्या परोपकाराच्या सामन्यांत हॅलमच्या वॉटरफॉल यानें शेफील्डच्या क्रेसविकवर हात उगारला, आणि शिक्षा म्हणून त्यास गोल राखावयास धाडण्यांत आलें! हल्लींच्या गोलरक्षकांस ही हकीकत रुचणार नाहीं.

पुढें 1867 सालीं शेफील्डमधील एक नाटकगृहाचे मालक टॉमस यूडन यांनीं ठेवलेला चषक हॅलमनें जिंकला. हा चषक नंतर कोठें गेला तें कित्येक वर्षें कोणास ठाऊक नव्हतें. 1997 सालीं तो क्लबला परत मिळाला. चषक हरवला तरी केव्हां तरी कोणाच्या तरी कपाटांत सांपडतो. मैदान एकदां हरवलें म्हणजे त्यावर घरें उभीं राहतात, आणि मग तें कोणत्याही कपाटांत सांपडत नाहीं.

आमच्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. जमिनीचा व्यापारी मैदान पहावयास सामन्याच्या दिवशीं येत नाहीं. तो आमच्यासारखाच रिकाम्या दिवशीं येतो. त्यास तेथें इतके चौरस यार्ड ‘पडून’ असलेले दिसतात. लंडनच्या दक्षिणेकडील डलिच हॅमलेट या 1893 सालच्या क्लबास जागामालकांशीं झालेल्या तंट्यामुळें मार्च 2018 मध्यें आपलें चँपियन हिल मैदान सोडावें लागलें. तेथील लोकांनीं गप्प न बसतां प्रयत्न केले म्हणून डिसेंबरांत तो क्लब परत आला. प्रत्येकाचें नशीब असें नसतें. खुद्द शेफील्ड क्लब शतकाहून अधिक काळ दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत राहिला, आणि 2001 सालीं त्यास स्वतःचें मैदान मिळालें तें शहराबाहेर, शेजारच्या डर्बीशायर परगण्यांतील ड्रॉनफील्ड गांवीं.

हें सर्व या अंकांत लिहिण्याचें कारण असें कीं आमच्या शाळेच्या मैदानाचा खालचा तुकडाही ‘पडून आहे’, हे शब्द अलीकडे आमच्या कानीं वारंवार येत आहेत. तेथें नवे वर्ग बांधावे असें म्हणणारे लोक शाळेचे हितचिंतकच आहेत. वर्ग कमी पडतात हेंही खरें. एका बांकावर चार मुलें दाटीनें बसलेलीं आम्ही रोज पाहतों. परंतु इमारतीवर मजला चढवितां येतो, मैदानावर चढवितां येत नाहीं. शिवाय खालचा तुकडा हा लहान इयत्तांचा आहे. वरच्या भागावर मोठीं मुलें त्यांस उभें राहूं देत नाहींत, आणि तो तुकडा गेला तर पांचवी-सहावीच्या मुलांस रस्त्याखेरीज दुसरी जागा उरत नाहीं.

या प्रश्नाचा निकाल ज्यांच्या हातीं आहे त्यांस आमची एकच विनंति आहे. नकाशा पुढें घेऊन बसण्यापूर्वीं त्यांनीं एखाद्या रविवारीं, उपासना आटोपल्यावर, मैदान रिकामें असतांना खालच्या तुकड्यावरून पायीं फिरून यावें. पश्चिमेकडे मुलांनीं दोन दगड मांडून गोल केला आहे. त्या दगडांच्या मध्यें, ऐन पावसाळ्यांतही, गवत उगवलेलें नाहीं.