नऊ एप्रिल कुणाचा?

तुमच्याही फोनवर रोज संध्याकाळी ‘आजचा दिनविशेष’ येत असेल. भारतात तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ झालेली असते, त्यामुळे आपल्या हाती उद्याचा दिनविशेष आजच पडतो. कुणाचा जन्म, कुणाचं निधन, कुठला तह, कुठली पहिली रेल्वे. आपण एक नजर टाकतो, नमस्काराचं चित्र पाठवतो आणि पोळ्या लाटायला घेतो. कॅल्गरीत तो दिवस खरोखर उजाडतो, तेव्हा त्या यादीतलं एक नावही आठवत नाही. मीही वर्षानुवर्षं हेच करत आले.

गेल्या नोव्हेंबरात मुलगा कोटाला लाल पॉपी लावून शाळेतून आला. अकरा तारखेच्या स्मृतिदिनाची तयारी चालली होती. वर्गातल्या काही मुलांनी पणजोबांचे गणवेशातले फोटो नेले होते. त्याने विचारलं, “आई, आपल्यातलं कुणी होतं का गं लढायला?” मी भाजी ढवळता ढवळता म्हणाले, “नाही रे, ते इथल्या लोकांचं.”

माझं उत्तर साफ चुकलं होतं. कसं, ते एका तारखेवरून सांगते.

९ एप्रिल हा कॅनडात विमी रिजचा दिवस. १९१७ साली फ्रान्समधल्या त्या टेकडीवर कॅनडाच्या चारही डिव्हिजन पहिल्यांदा एकत्र लढल्या. सुमारे ३,६०० कॅनेडियन सैनिक तिथे मरण पावले. आपली मुलं हे शाळेत शिकतात.

त्याच तारखेला, १९४५ साली, इटलीत सेनिओ नदीवर एक मराठी शिपाई होता. त्याचं नाव नामदेव जाधव. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये तो निरोप पोहोचवण्याचं काम करी. नदी ओलांडताना त्याच्या तुकडीतले बहुतेक जण गोळीबारात पडले. त्याने जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग एकटा परत जाऊन शत्रूच्या मशीनगनच्या तीन चौक्या बंद पाडल्या. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकली आणि हातबॉम्ब घेतले. शेवटी काठावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्यांना पुढे बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आदल्या वर्षी, १० जुलै १९४४ रोजी, इटलीतच यशवंत घाडगे या मराठा नायकाने असाच पराक्रम केला होता. तो मात्र परत आला नाही.

तुम्ही म्हणाल, हा नुसता तारखांचा योगायोग. दोन्ही घटनांत २८ वर्षांचं अंतर, युद्धंही वेगळी. मान्य. पण हीच मराठा बटालियन ज्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, तिची गोष्ट पाहा. मे १९४४ मध्ये या डिव्हिजनने कसिनोजवळ गारी नदी ओलांडली, तेव्हा तिच्या मदतीला कॅनडाचे रणगाडे होते. त्यांतली एक रेजिमेंट होती कॅल्गरीची. तिच्याबरोबरच्या कॅप्टन टोनी किंग्जमिल यांनी तयार पूल रणगाड्याच्या पाठीवर घालून नदीपर्यंत नेण्याची युक्ती काढली. १२ मे रोजी तो पूल गोळीबारात पाण्यावर बसवला गेला आणि त्यावरून कॅल्गरीचे रणगाडे भारतीय पायदळाच्या मदतीला पलीकडे गेले. या रेजिमेंटचं संग्रहालय क्रोचाइल्ड ट्रेलजवळच्या मिलिटरी म्युझियम्समध्ये आहे. किती वर्षं आपण त्याच्यावरून गाडी नेतोय!

मला हे अभिमानाचं भरीत करून वाढायचं नाही. नामदेव जाधव लढला तो इंग्रजांच्या झेंड्याखाली, आणि तेव्हा आपला देश पारतंत्र्यात होता. त्याच वेळी ब्रिटिश कोलंबियात राहणाऱ्या भारतीयांना मतदानाचा हक्क नव्हता. तो मिळाला १९४७ साली. मुलांना सांगायचं तर हेही सांगायला हवं. पोकळ कौतुक त्यांना लगेच ओळखू येतं.

माझा मुद्दा इतकाच आहे. आपल्या घरांत दोन कॅलेंडरं टांगलेली असतात. शाळेचं कॅलेंडर मुलांचं आणि भिंतीवरचं आपलं. १ मे, ६ जून ही आपली. ९ एप्रिल, ११ नोव्हेंबर ही त्यांची. ‘ते इथल्या लोकांचं’ असं आपण सहज म्हणून जातो, तेव्हा इथेच जन्मलेल्या मुलाला आपण नेमकं काय सांगत असतो? तू इथला नाहीस, हेच ना?

म्हणून मंडळाला एक सुचवते. पुढच्या वर्षी लांबलचक याद्या नकोत. महिन्याला एकच तारीख घ्या आणि तिच्या दोन्ही बाजू मांडा. ६ जूनला १६७४ चा रायगडावरचा राज्याभिषेक, आणि १९४४ साली नॉर्मंडीच्या जूनो किनाऱ्यावर उतरलेले कॅनेडियन. २२ सप्टेंबरला १८७७ चा सातवा करार, कारण ज्या जमिनीवर आपली घरं आहेत ती सिक्सिका, काइनाई, पिकानी, त्सुतिना आणि स्टोनी नाकोडा लोकांची. १ ऑक्टोबरला १९६७ ची गुणांची पद्धत: माणूस कुठल्या देशातून आला यापेक्षा त्याचं शिक्षण आणि कौशल्य पाहणारी. आपल्यापैकी कितीतरी जण त्याच दारातून आत आलो, पण ती तारीख आपल्याला पाठ नाही. मराठी बाजू आजी-आजोबांनी लिहावी, इंग्रजी बाजू मुलांनी, आणि छापण्याआधी एकमेकांना वाचून दाखवावी. आपला अंक दोन भाषांत निघतो, त्याचा एवढा तरी उपयोग करून घेऊ या.

आणि तरुण वाचकांनो, हे मराठी वाचायला जड जात असेल तर आई-बाबांकडून मोठ्याने वाचून घ्या. मग त्यांनाच विचारा, आपल्या गावातलं, नात्यातलं कुणी सैन्यात होतं का? सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, नगर, यांपैकी कुठलं गाव असेल तर उत्तर ‘हो’ असण्याची शक्यता बरीच आहे. उत्तर मिळेपर्यंत आजीला फोन करत राहा.

दिवाळी आणि ११ नोव्हेंबर पुढेमागेच येतात. नोव्हेंबरच्या पहिल्या अकरा दिवसांत मेमोरियल ड्राइव्हवर बो नदीकाठी साडेतीन हजारांहून अधिक पांढरे क्रॉस उभे असतात. एका संध्याकाळी मुलांना घेऊन तिथे जा. तिथली नावं त्यांना वाचू द्या. मग परतताना गाडीत नामदेव जाधवची गोष्ट तुम्ही सांगा.

मी माझ्या मुलाला ती सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आधी ‘नाही’ का म्हणालीस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिलं.